न झालेल्या सामन्यांचा इतिहास

मी एका कॉलेजच्या बास्केटबॉल संघाची प्रशिक्षक आहे. ते कॉलेज कुठेच नाही. संघातली बारा मुलंही कुठे जन्मलेली नाहीत. त्यांची नावं, उंची, दम, नेम, सगळं कॉम्प्युटरनं तयार केलंय, आणि मी सास्तूरमध्ये बसून फोनवर त्यांचा हंगाम चालवते. कोणाला सुरुवातीच्या पाचात घ्यायचं, झोन लावायचा की मॅन-टू-मॅन, दमलेल्याला कधी बसवायचं, एवढं मी ठरवते. मग सामना होतो. तो दिसत नाही, फक्त त्याचे आकडे येतात.

माझ्या कॉन्फरन्समध्ये बारा संघ आहेत. कॉन्फरन्स म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांनी आपापसात बांधलेला गट. हंगामाच्या सुरुवातीला बाहेरच्या संघांशी सामने होतात. मग जानेवारीच्या आसपास खरी लढाई सुरू होते, ती गटातल्या संघांशी, कधी आपल्या मैदानावर आणि कधी त्यांच्या. मार्चमध्ये गटाची स्पर्धा होते आणि ती जिंकणाऱ्याला राष्ट्रीय स्पर्धेत थेट जागा मिळते. राष्ट्रीय स्पर्धा १९३९ मध्ये सुरू झाली, आज त्यात ६८ संघ असतात. माझ्या खेळात गटातले सामने १६ आहेत. मागच्या हंगामात पहिल्या आठपैकी तीनच जिंकले होते. नंतर फुल कोर्ट प्रेस सोडून झोन लावला, पोरांचा दम टिकला आणि शेवट ९ विजय, ७ पराभव असा झाला. गटाच्या स्पर्धेत उपांत्य फेरीत हरलो.

चुलतभावाला हे सांगितलं तर त्यानं एकच विचारलं, "अगं, ह्यात पैसे किती सुटतात?" काहीच नाही म्हटल्यावर त्याचा रस संपला. माझा मात्र वाढला. जो सामना झालाच नाही, तो खेळायची ही हौस माणसाला कुठून लागली, हे शोधत गेले. हा लेख त्या शोधाचा.

सुरुवात बास्केटबॉलपासूनच करू. डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला, वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत, जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाला हिवाळ्यात बंद खोलीत खेळता येईल असा खेळ हवा होता. त्यानं सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या आणि १३ नियम लिहिले. पुढे तो कॅन्सस विद्यापीठात गेला आणि तिथल्या संघाचा पहिला प्रशिक्षक झाला. त्याच्या नावावर ५५ विजय आणि ६० पराभव आहेत. कॅन्ससच्या प्रशिक्षकांमध्ये विजयांपेक्षा पराभव जास्त असलेला तो एकटाच, आणि तोच खेळाचा जनक. हा खेळ खेळायचा असतो, त्यात शिकवण्यासारखं फारसं काही नाही, असं त्याचं मत होतं म्हणतात. त्याचाच विद्यार्थी फॉग ॲलन यानं ते मत खोडून काढलं आणि त्याच विद्यापीठात अनेक दशकं प्रशिक्षक म्हणून नाव कमावलं.

मला यात जास्त महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. ५५ आणि ६० हे आकडे आपल्याला आज माहीत आहेत. शंभराहून जास्त वर्षांपूर्वीच्या, टोपलीत चेंडू टाकायच्या पोरखेळाची कोणीतरी नोंद ठेवली होती.

आता आपल्या शाळेत येऊ. न झालेला सामना खेळायची आपली रीत म्हणजे पुस्तक-क्रिकेट. मागच्या बाकावर बसून इतिहासाचं पुस्तक उघडायचं, डाव्या पानाचा शेवटचा आकडा बघायचा. २ म्हणजे दोन धावा, ४ म्हणजे चौकार, ६ म्हणजे षटकार, ० म्हणजे आउट. ८ चा नियम शाळेशाळेत वेगळा. आमच्याकडे ८ म्हणजे एक धाव. डावं पान नेहमी समसंख्येचं असतं, म्हणून पाचच आकडे येतात आणि पुस्तक प्रामाणिकपणे उघडलं तर प्रत्येकाची शक्यता सारखी.

याचं गणित करून बघा. पाच चेंडूंत सरासरी २, ४, ६ आणि १ मिळून १३ धावा होतात आणि एक विकेट पडते. म्हणजे प्रत्येक फलंदाजाची सरासरी १३ आणि दहा विकेटांचा डाव सुमारे १३० धावांचा, तोही पन्नासएक चेंडूंत. गंमत म्हणजे सचिनची सरासरी १३ आणि अकराव्या नंबरवर येणाऱ्याचीही १३. वहीत नाव कोणाचंही लिहा, पुस्तकाला ते कळत नाही. आम्ही भारताचा संघ लिहायचो, ऑस्ट्रेलियाचा लिहायचो आणि जिंकायचं कोण ते पान ठरवायचं. नशीब होतं, खेळाडू नव्हता.

ही उणीव अमेरिकेत आधीच भरून निघाली होती. १९४१ मध्ये 'ऑल-स्टार बेसबॉल' नावाचा खेळ बाजारात आला. तो इथन ॲलन या खऱ्या बेसबॉलपटूनं बनवला होता. त्यात प्रत्येक खेळाडूची गोल चकती असायची आणि त्याच्या खऱ्या कामगिरीच्या प्रमाणात चकतीचे भाग पाडलेले असायचे. मोठे फटके मारणाऱ्याच्या चकतीवर त्या फटक्याचा भाग मोठा. चकतीवरचा काटा फिरवायचा आणि तो थांबेल ते घडलं. पण त्यात चेंडू कोण टाकतोय याला काही किंमत नव्हती. समोर कोणीही असो, फलंदाजाची चकती तीच.

हाल रिचमन नावाच्या मुलाला हे पटेना. अकरा वर्षांचा असताना त्यानं फासे घेऊन स्वतःचा खेळ बनवायला सुरुवात केली आणि १९६१ मध्ये 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' या नावानं तो विकायला आणला. त्याची युक्ती साधी होती. आधी एक फासा टाकायचा. १, २, ३ आलं तर निकाल फलंदाजाच्या कार्डावर वाचायचा, ४, ५, ६ आलं तर गोलंदाजाच्या कार्डावर. मग बाकीच्या दोन फाशांची बेरीज सांगेल ती ओळ. म्हणजे जे घडतं त्यातलं निम्मं माझ्या हातात आणि निम्मं समोरच्याच्या. आजवर खेळाच्या जेवढ्या नकला बनल्या, त्यांच्या मुळाशी हा विचार कुठे ना कुठे आहेच. लेखक जॅक केरुॲकनं तर लहानपणी स्वतःची आख्खी बेसबॉल लीग कार्डांवर रचली होती आणि मोठेपणीही तो ती खेळत राहिला.

याच काळात एक गणितज्ञ वेगळ्याच वाटेनं तिथेच पोचला होता. स्टॅनिस्लाव उलाम १९४६ मध्ये मोठ्या आजारातून उठत होता आणि अंथरुणात पडून एकट्यानं पत्ते खेळत होता. डाव सुटण्याची शक्यता किती, हे तो सूत्रानं काढायला गेला. ते फार किचकट होतं. मग त्याला सुचलं, शंभर वेळा पत्ते मांडावेत आणि किती वेळा सुटतात ते मोजावं. त्यानं ही कल्पना जॉन फॉन नॉयमनला सांगितली आणि त्यातून जुगाराच्या गावाचं नाव मिळालेली 'मॉन्टे कार्लो' पद्धत उभी राहिली. ती आधी अणुबॉम्बच्या संशोधनात वापरली गेली. आज हवामानापासून शेअर बाजारापर्यंत सगळीकडे वापरतात, आणि माझ्या फोनमधल्या बास्केटबॉलमध्येही.

कारण तिथे घडतं ते असं. माझ्या संघाकडे चेंडू आला. कॉम्प्युटर आधी ठरवतो, चेंडू हातातून जाईल, फाउल होईल की नेम धरला जाईल. समजा नेम धरला. मारणारा शंभरात ४५ वेळा टोपलीत टाकतो, पण समोरचा बचाव चांगला आहे म्हणून ४१ धरा. मग १ ते १०० मधला एक आकडा निघतो. ४१ किंवा त्याच्या आत आला तर दोन गुण. खऱ्या कॉलेज सामन्यात अशी पाळी प्रत्येक संघाला साधारण ७० वेळा मिळते. हंगामभर हेच चालतं. प्रशिक्षक म्हणून मी फार तर त्या ४१ चे ४३ करू शकते. पण ७० पाळ्या आणि १६ सामने मिळाले की त्या दोन टक्क्यांनी गुणतक्त्यातली जागा बदलते.

हे कळल्यावर मला आपल्याकडच्या स्पर्धांबद्दल प्रश्न पडला. शाळेत मी खो-खो खेळायचे. आमचा 'हंगाम' तालुक्याच्या स्पर्धेत सुरू व्हायचा आणि बहुतेक वेळा तिथेच, त्याच दिवशी दुपारी संपायचा. हरलात की घरी. कॉलेजच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धाही पुष्कळदा अशाच बाद पद्धतीच्या. १६ संघांची बाद स्पर्धा घेतली तर आठ संघांच्या वाट्याला वर्षात एकच सामना येतो. आता समजा, एक संघ इतका चांगला आहे की कोणाशीही खेळला तरी दहातले सहा सामने जिंकेल. बाद स्पर्धा जिंकायला त्याला ओळीनं चार विजय हवेत आणि त्याची शक्यता फक्त १३ टक्के आहे. त्याच संघाला १६ सामन्यांचा हंगाम दिला, तर निम्म्याहून जास्त सामने जिंकण्याची शक्यता ७२ टक्क्यांच्या आसपास जाते. संघ बदलला नाही. त्याला स्वतःला सिद्ध करायला वेळ मिळाला, एवढंच.

आपल्याच क्रिकेटमध्ये याचं उदाहरण आहे. रणजी स्पर्धा १९३४-३५ मध्ये बाद पद्धतीनं सुरू झाली. १९५७-५८ पासून विभागांमध्ये साखळी सामने सुरू झाले. त्यानंतरच्याच हंगामापासून, १९५८-५९ ते १९७२-७३, मुंबईनं ओळीनं पंधरा वेळा रणजी जिंकली. सगळं श्रेय पद्धतीला देता येणार नाही, मुंबईचा तो संघच तसा होता. पण एका वाईट सकाळीमुळे हंगाम संपण्याचा धोका साखळीनं कमी केला, हे नक्की.

क्रिकेटचा विषय निघालाच आहे, तर 'तर काय झालं असतं' या प्रश्नाचं आपलं सगळ्यात मोठं उदाहरण सांगते. डिसेंबर १९४८, पुणे. महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३ वर होते आणि महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ झाल्या होत्या. त्या वेळी जागतिक विक्रम ब्रॅडमनच्या नाबाद ४५२ चा होता. दहा धावा केल्या की विक्रम आपला. विश्रांतीच्या वेळी काठियावाडच्या कर्णधारानं, राजकोटच्या ठाकोरसाहेबांनी, पुढे खेळायला नकार दिला आणि संघ घेऊन निघून गेले. सामना तिथेच संपला. निंबाळकर भारताकडून एकही कसोटी खेळले नाहीत.

त्या दहा धावा झाल्या असत्या का? पुस्तक-क्रिकेटच्या नियमांनी मी गणित केलं. शून्याचं पान येण्याआधी दहा धावा होण्याची शक्यता शंभरात ४७ निघते. पण पुस्तकाला निंबाळकर माहीत नाहीत. रिचमनसारखं त्यांचं आणि दमलेल्या काठियावाडी गोलंदाजांचं कार्ड बनवलं, तर आकडा याच्या कितीतरी वर जाईल. हे कार्ड बनवता येतं, कारण धावपुस्तिका आहे. ७५ हून जास्त वर्षांनंतरही आपण तो सामना पुढे खेळू शकतो.

मधल्या काळात या हौसेत पैसा शिरला. १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या काही पत्रकार-लेखकांनी खऱ्या बेसबॉलपटूंचे कागदी संघ बनवून आपापसात लीग खेळली आणि आजच्या फँटसी खेळांची रीत पडली. आपल्याकडे २००८ मध्ये मुंबईत हर्ष जैन आणि भावित शेठ यांनी ड्रीम११ सुरू केलं. हे कौशल्य की जुगार यावर कोर्टात खटले चालले. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि ड्रीम११ नं पैशांच्या स्पर्धा थांबवल्या. माझ्या फोनमधला खेळ आणि तो खेळ यांत पैशाखेरीजही एक फरक आहे. तिथे आज घेतलेला खेळाडू उद्या सोडून देता येतो. इथे पोरगा चार वर्षं आपल्याकडे असतो. पहिल्या वर्षी बाकावर बसतो, तिसऱ्या वर्षी उभा राहतो, चौथ्या वर्षी निघून जातो. त्याच्याबरोबर हरायला लागतं.

माझा एक सेंटर असाच मागच्या हंगामात पदवीधर झाला. चार वर्षांतली त्याची प्रत्येक रिबाउंड आजही त्या खेळात लिहिलेली आहे. जो मुलगा कधी नव्हताच, त्याची.

आमच्या शाळेच्या खो-खो संघात एक मुलगी होती. पहिल्या तुकडीत पळायची. एका तालुका स्पर्धेत ती इतका वेळ पळत राहिली, की समोरच्या संघाचे सर मैदानाच्या कडेला उभं राहून आपल्याच मुलींवर ओरडायचं विसरले. किती मिनिटं पळाली? आमच्यातली एक म्हणते पाच, एक म्हणते सहाच्या वर. त्या दिवशी पंचांच्या टेबलावर गुणपत्रक होतं. त्यात मिनिटं आणि सेकंदं लिहिली जातात, कोणी कोणाला बाद केलं तेही. खो-खोचं गुणपत्रक बेसबॉलच्या तोडीचं आहे. पण स्पर्धा संपली की ते कागद कुठे जातात, कोणालाच सांगता येत नाही. तिचं लग्न झालं, ती आता दुसऱ्या गावी असते. तिचं कार्ड कोणी बनवायचं म्हटलं तर बनणार नाही.

आमच्या धाराशिव जिल्ह्यानं खो-खोला काय दिलं, हे देशाला माहीत आहे. सारिका काळे याच जिल्ह्यातली. तिला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि महिलांच्या भारतीय संघानं अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. कर्णधार होती महाराष्ट्राचीच प्रियांका इंगळे. त्या सामन्यांचा सेकंदासेकंदाचा हिशेब आहे. पण अशा मुली ज्या शेकडो तालुका सामन्यांतून वर येतात, त्यांचा नाही.

सास्तूरबद्दल नोंदी नाहीत असं मात्र कोणी म्हणू शकणार नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जनानंतरची रात्र. दगड-मातीच्या जाड भिंतींची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. सास्तूर तेव्हा उमरगा तालुक्यात होतं, आता लोहारा तालुक्यात आहे. किल्लारीचं नाव जगभर गेलं, पण जी गावं उद्ध्वस्त झाली त्यांत सास्तूरही होतं. नंतर किती घरं पडली, किती माणसं गेली, कोणाला किती खोल्यांचं घर मिळणार, हे सगळं मोजलं गेलं. तरीही एकूण मृतांचा आकडा एका कागदात आठ हजारांच्या आत सापडतो, तर दुसऱ्यात दहा हजारांच्या जवळ.

मोजायला आणि पुनर्वसनात लोकांचं म्हणणं ऐकायला जे आले, त्यांत टाटा समाजविज्ञान संस्थेची, म्हणजे टिसची माणसं होती. संस्थेचं एक केंद्र आमच्याच जिल्ह्यात, तुळजापूरला आहे. या संस्थेचं मूळ शोधत गेलं की माणूस चक्क बास्केटबॉलच्या मैदानाशी पोचतो. क्लिफर्ड मॅनशार्ट नावाच्या अमेरिकन मिशनऱ्यानं १९२० च्या दशकात मुंबईत नागपाडा नेबरहूड हाउस उभं केलं. त्या कामातून १९३६ मध्ये समाजकार्याचं शिक्षण देणारी शाळा निघाली, तीच पुढे टिस झाली. मॅनशार्ट तिचा पहिला संचालक. आणि नागपाड्याच्या त्याच गल्ल्यांतून मुंबईचं बास्केटबॉल वाढलं. भारताचा कर्णधार झालेला, १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळवणारा अब्बास मुंतसिर तिथलाच.

हे धागे जुळले तेव्हा मला एक गोष्ट स्पष्ट दिसली. आमच्या गावाची जी मोजणी झाली, ती काय गमावलं याची झाली. ती व्हायलाच हवी होती. पण नवीन गावठाणात, नव्या मैदानावर पोरी पुन्हा खो-खो खेळायला लागल्या, त्याची तारीख कोणी लिहिली नाही. पहिला सामना कोणाशी झाला, कोण जिंकलं, कोण किती वेळ पळालं, तेही नाही. इतिहासकार पुढे कधी आमच्याकडे बघेल, तेव्हा त्याला ढिगारे सापडतील आणि अनुदानाच्या याद्या सापडतील. खेळलेली दुपार सापडणार नाही. अमेरिकेत कुठल्याशा छोट्या कॉलेजचा १९५० सालचा हंगाम आज पुन्हा कॉम्प्युटरवर खेळवता येतो. तिथल्या पोरांचं रक्त काही वेगळं नव्हतं. तिथे टेबलावर बसलेल्या माणसानं कागद फाइलला लावला होता.

म्हणून सध्या माझे दोन हंगाम चालू आहेत. एक फोनमधला. तिथे नवीन सेंटर अजून कच्चा आहे आणि गटात आम्ही सातवे आहोत. दुसरा मैदानावरचा. शाळेतल्या मुलींचे सराव सामने असतात तेव्हा मी वही आणि फोनमधलं स्टॉपवॉच घेऊन बसते. नाव, तुकडी, किती मिनिटं पळाली, कोणी बाद केलं, खांबावर की सूर मारून. आतापर्यंत १९ सामने लिहून झालेत. आठवीतली एक मुलगी आहे. तिची सरासरी पहिल्या दहा सामन्यांत १ मिनिट ५० सेकंद होती, पुढच्या नऊमध्ये २ मिनिटं २५ सेकंद झाली. तिला वही दाखवली तर तिनं आधी स्वतःचा आकडा बघितला, मग मैत्रिणीचा, आणि विचारलं, "ताई, पुढच्या वेळेस कधी येणार लिहायला?"